उलट्या खुर्चीचे तांडेलसर

तांडेलसरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण होतं. आमच्या दैनिकाच्या अंधेरीच्या कचेरीत मी उपसंपादकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते आणि आंतरराष्ट्रीय पानाचे प्रमुख म्हणून श्री. हरेश्वर तांडेल समोर बसले होते. त्यांनी वृत्तसंस्थेची एक इंग्रजी बातमी भाषांतराला दिली. कुठल्याशा सैन्याने कुठल्याशा डोंगरात अतिरेक्यांचा तळ उद्ध्वस्त केला, अशी ती बातमी होती. मी झकास मराठीत उतरवून दिली.

"छान. आता सांगा, हे पाहिलं कोणी?" सरांनी विचारलं.

"वृत्तसंस्थेने दिलंय, सर."

"वृत्तसंस्थेने पाहिलं?"

"लष्कराच्या प्रवक्त्याने त्यांना सांगितलं."

"प्रवक्ते तिथे होते?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मी काय तिकडे जाऊन बघून येऊ?" बाहेरच्या टेबलांवरच्या माना वळल्या. सर मात्र मोठ्याने हसले. "जाऊ नका. पण न बघता बघितल्यासारखं लिहूही नका. सोमवारपासून या." नोकरी लागली याचा आनंद मला घरी पोचल्यावर झाला. तोवर रागच होता.

ज्यांना सरांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. सर मनोरीच्या कोळीवाड्यातले. वडील होडीवर, आई मालाडच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. घरातले पहिले पदवीधर हेच. नोकरीभर ते मनोरीतच राहिले. रोज फेरीबोटीने मार्वे, तिथून बसने मालाड आणि पुढे अंधेरी. शहरात जागा घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. सरांचं म्हणणं, बोटीत वाचायला वेळ मिळतो. जगातल्या युद्धांचे अहवाल, चौकशा, खुलासे, सगळं त्यांनी त्या खाडीत वाचलं. कागदावर खारं पाणी उडालं की ओरडायचे तेही कोळीवाड्यातल्या आवाजात आणि शब्दांत. ते शब्द इथे छापता येणार नाहीत.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती आणि तिच्यामुळे आमच्या विभागाला कचेरीत वेडे समजत. आमच्याकडे एक मोडकी, हात निखळलेली खुर्ची होती. कुठलाही वादग्रस्त दावा आला, म्हणजे 'आमच्या गुप्तचरांना असं कळलं आहे' छापाचं काही आलं, की सर विचारायचे, "हे खरं ठरावं असं कोणाला वाटतंय?" ज्याला वाटत असेल त्याने त्या खुर्चीत बसून तो दावा फोडायचा. आणि तो खोटा ठरावा असं ज्याला वाटत असेल, त्याने खुर्चीत बसून तो उभा करायचा. आपल्या मनाविरुद्ध बोलायचं, आणि तेसुद्धा तोंडदेखलं नाही, समोरच्याला गप्प करील असं. आम्ही तिला उलटी खुर्ची म्हणत असू.

सरांनी स्वतःलाही कधी सूट दिली नाही. एकदा दोन शेजारी देशांत समेट होतो आहे अशी बातमी आली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. मग स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसले आणि ती बातमी अशी काही सोलून काढली की चहा येईपर्यंत तिचं एका कॉलमातलं छोटं चौकटवजा काहीतरी उरलं होतं. आम्ही चहा प्यायलो. सर नुसतेच बसून होते.

सर प्रेमळ आहेत असं त्यांच्या या गौरवग्रंथात बरेच जण लिहितील आणि ते खरंच आहे. पण त्यांच्या प्रेमाची तऱ्हा सांगायला हवी. मला सातवा महिना होता आणि पाय सुजायचे. एका संध्याकाळी एका छायाचित्राखालची ओळ मी चुकवली. सर त्यावरून माझी चामडी लोळवत होते आणि बोलता बोलताच कुठूनतरी आणलेलं लाकडी खोकं त्यांनी माझ्या पायांखाली सरकवलं. बोलणं मात्र थांबवलं नाही. त्यावर सरांच्या पत्नी जानकीवहिनींनी शिवलेली उशीही होती. ते खोकं मी बाळंतपणाला जाईपर्यंत रोज तिथेच होतं आणि सरांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही.

आता जे लिहायचं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. यात देशांची नावं मी घालत नाही. माझ्या भावाचे मित्र अजून तिकडेच पोट भरतात.

माझा धाकटा भाऊ नितीन तेव्हा आखाताकडच्या एका बंदरात क्रेनच्या दुरुस्तीला होता. बाबा गिरणी बंद पडल्यावर फार काळ टिकले नाहीत. आई दहिसरला चाळीत एकटी. नितीनच्या खोलीत आपलीच पाच-सहा मुलं राहत होती. त्यांतला मुलुंडचा सुभाष म्हाडगुत हा वीजतंत्री नितीनचा जिवलग. रोज रात्रीचं जेवण तोच करायचा आणि घरी फोन लागला की आईलाच विचारायचा, "काकी, सोलकढी फुटते कशी काय?"

त्या वर्षी एका मोठ्या देशाने ओरड सुरू केली, की या छोट्या देशाकडे विषारी वायूची शस्त्रं लपवलेली आहेत आणि ती जगाने आत्ताच नष्ट केली नाहीत तर वाट लागेल. रोज नवा दावा यायचा. आकाशातून काढलेले फोटो, पळून आलेल्या एका अभियंत्याची जबानी, कोणीतरी चोरून ऐकलेलं संभाषण. आम्ही रोज ते दावे तपासत होतो. अभियंत्याची जबानी दर आठवड्याला बदलत होती. फोटोंतले ट्रक शस्त्रांचे, हे फक्त फोटोवर काढलेले बाण सांगत होते, फोटो नव्हे. सरांचं मत पक्कं झालं होतं की पुरावा कच्चा आहे.

आईचा धीर सुटत चालला होता. नितीनला रजा मिळत होती. यावं की थांबावं, एवढाच प्रश्न होता. मी काही सांगितलं की आई म्हणायची, "तुका काय कळता?" शेवटी एका दुपारी तिने थेट सरांनाच फोन लावला. सरांनी शांतपणे सगळं समजावलं आणि म्हणाले, "घाबरू नका. पुरावा कच्चा आहे. यात काही दम नाही."

आईने तेच नितीनला सांगितलं. नितीनने ते खोलीत सांगितलं. पेपरातल्या मोठ्या माणसाने सांगितलंय, सगळी फेकाफेकी आहे. सगळे थांबले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मोठ्या देशाने एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. मी तो वाचत गेले आणि एका पानावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. शस्त्रं कुठे आहेत त्या जागेचं नाव त्यात होतं. नितीनचं बंदर. बंदरातली उत्तरेकडची गोदामं.

सरांनी पान माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग सर म्हणाले, "हे खोटं ठरावं असं सगळ्यात जास्त कोणाला वाटतंय?"

"सर, प्लीज," मी म्हटलं.

"शुभदा, बस."

त्या क्षणी मला त्यांचा विलक्षण संताप आला. माझा भाऊ जिथे उभा राहून काम करतो तिथे विष आहे, हे मी सिद्ध करून दाखवायचं! पण बसले. डोळे पुसले आणि बोलायला लागले. गोदामांच्या छपरांवर नवी मोठी यंत्रं बसवली आहेत, म्हटलं. सर म्हणाले, शीतगृह असेल. मी म्हटलं, असेल, पण नक्की कोणी पाहिलंय? नितीन सांगतो तिथे गोठवलेल्या कोंबड्या असतात, पण नितीन दारापर्यंत गेलाय, आत गेलेला नाही. सर म्हणाले, जबानी देणारा अभियंता त्या बंदरात कधी कामाला होता याचा काहीच आधार नाही. हरायचं नाही म्हणून मी चिडून बोलून गेले, "ठीक आहे, आधार नाही! पण त्यांना आधाराची गरज कुठे आहे? त्यांनी जागेचं नाव घेतलंय, सर. जिथे जायचंच नाही तिथला पत्ता कोण जाहीर करतं? आत कोंबड्या आहेत की विष, बॉम्ब टाकणाऱ्याला काय फरक पडतो?"

सरांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. मग ते सगळ्या विभागासमोर म्हणाले, "मी दावा तपासला. दावा करणाऱ्यांचा इरादा तपासला नाही. दावा लंगडा आहे म्हणून युद्ध होणार नाही, असं मी धरून चाललो. शुभदा, तुझ्या आईला मी चुकीचं सांगितलं."

मी लगेच फोन लावायला घेतला. सरांनी हात धरला. "फोनवर चुकीचं सांगितलं, आता फोनवरच नको. त्या ऐकणार नाहीत. मी दहिसरला जातो. तू पान लाव. मथळ्यात 'दावा' हा शब्द राहिला पाहिजे आणि पुरावा दिलेला नाही हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. कोणी काहीही म्हणो."

कोणी काहीही म्हणालंच. सर बाहेर पडतात न पडतात तोच मुख्य संपादक आमच्याकडे आले. त्यांना पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळा हवा होता, बंदरात विषाचा साठा सापडल्याचा. मी म्हटलं, सापडलेला नाही. ते म्हणाले, सगळे पेपर तेच देणार आहेत, आपण काय मागे राहायचं? मी म्हटलं, राहू. ते एवढे ओरडले की खालच्या मजल्यावरचे जाहिरातवाले वर आले. "तांडेल कुठे आहेत?" "दहिसरला गेलेत, माझ्या आईकडे." हे उत्तर ऐकून त्यांना मी चेष्टा करते आहे असं वाटलं. शेवटी पान सरांनी सांगितल्याप्रमाणेच गेलं, कारण ते बदलायचं तर दुसऱ्या कोणालातरी बसून लिहावं लागलं असतं आणि विभागातला एकही माणूस जागेवरून हलला नाही.

दहिसरला काय झालं ते मला आईने सांगितलं. सर चाळीचे जिने चढून दारात उभे राहिले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आई, माझं चुकलं. नितीनला आजच्या आज निघायला सांगा."

आई भडकली. भडकणारच. "साहेबानू, तुमी सांगलात म्हणान मी तेका ऱ्हव म्हटलंय! आता तुमीच येऊन निघ म्हणतास? माझो झील म्हणजे काय बुजगावणा आसा?"

सरांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोन लावा. मीच सांगतो त्याला."

नितीनचा फोन लागला. तो आधी हसलाच. "सर, तुम्हीच बोललात ना, सगळी फेकाफेकी आहे म्हणून?"

"फेकाफेकीच आहे," सर म्हणाले. "तरीही निघ. खोटं बोलून झालंय त्यांचं, आता ते थांबणार नाहीत. खोलीतल्या सगळ्यांना घेऊन निघ."

नितीन घाबरला तो सरांच्या आवाजाने, असं तो सांगतो. त्याच संध्याकाळी त्याने खोलीतल्या मुलांना गोळा केलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून ती सगळी शेजारच्या देशात पोचली. सुभाष मात्र निघाला नाही. त्याच्या जागी येणारा माणूस आला नव्हता, हे एक. दुसरं, त्याला सरांचं पहिलंच म्हणणं खरं वाटत होतं. नितीनला तो म्हणाला, "काकी घाबरली रे, म्हणून त्यांना बोलायला लावलं. माणूस एवढा शिकलेला, आधी उगाच बोलला असेल का? तू जा, मी येतो मागून."

युद्ध सुरू झालं त्या पहिल्याच माऱ्यात बंदराची उत्तरेकडची गोदामं गेली. सुभाष तिथल्या वीजघरात होता.

त्याला घरी आणायला जी धावाधाव लागली ती सरांनी केली. परराष्ट्र खात्यातल्या कुठल्या साहेबाला कुठल्या वेळी गाठायचं, कुठला कागद तिकडच्या वकिलातीतून येतो, हे सगळं सरांनी अंगावर घेतलं. त्याच सुमारास त्यांची आंतरराष्ट्रीय पानावरून रविवारच्या पुरवणीत बदली झाली. पाककृती आणि राशिभविष्य. कारण अर्थातच कोणी सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. त्यांचं लक्षच नव्हतं.

सुभाषचे दिवस झाल्यावर सर मुलुंडला त्याच्या बायकोकडे, वैशालीकडे गेले. मी बरोबर होते. तुमच्या नवऱ्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो शब्द चुकीचा होता, एवढंच ते बोलले. वैशालीने दार लावून घेतलं. सर पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. तेव्हाही दार उघडलं नाही. मी म्हटलं, सर, कशाला त्रास करून घेता, तुम्ही तर नंतर निघायला सांगितलं होतं. ते माझ्यावर असे खेकसले की मी परत तो विषय काढला नाही. त्यांचं जाणं चालू राहिलं. केव्हातरी दार उघडलं.

खूप उशिराने त्या मोठ्या देशाच्या स्वतःच्याच चौकशीत बाहेर आलं की बंदरात काहीही नव्हतं. कोंबड्या होत्या. आमच्या मुख्य संपादकांना तेव्हा एकदम सरांची आठवण झाली. 'आम्ही तेव्हाच सांगितलं होतं' असा मथळा, सरांचा फोटो, जुन्या पानाचं छायाचित्र, अशी सगळी तयारी करून ते पुरवणी विभागात आले. सर कोणाच्या तरी घावनाची कृती तपासत होते.

"तांडेल, तुमचंच बरोबर ठरलं की हो!"

सरांनी मान वर केली. "कोणाला सांगायचं बरोबर ठरलं म्हणून? सुभाषच्या बायकोला?"

मथळा आला नाही. मुख्य संपादक त्यानंतर पुन्हा पुरवणीकडे फिरकले नाहीत. वर्षभराने सर निवृत्त झाले. पण आंतरराष्ट्रीय विभागातली मुलं अजून काही संशयास्पद आलं की मनोरीला फोन लावतात. सर आधी दाव्याबद्दल बोलतात आणि मग एक प्रश्न हमखास विचारतात, हे खोटं असलं तर तिथे कोण मरेल? तो प्रश्न ते पूर्वी विचारत नसत. तो त्यांना सुभाषने शिकवला, असं तेच म्हणतात. गौरवग्रंथाची कल्पना त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तू लिहिणार असलीस तर हे लिही. नाहीतर लिहूच नकोस." म्हणून लिहिलं.

अशा लेखाच्या अखेरीस सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते चिंतायच्या आधी मी मुलुंडला वैशालीकडे जाऊन आले. सुभाषचं नाव तिच्या परवानगीशिवाय छापणं मला पटणारं नव्हतं. ती डबे करते. चपात्या लाटता लाटताच तिने सगळं ऐकून घेतलं.

"लिही ना," ती म्हणाली. "पण मी माफबिफ केलंय असलं काही लिहू नकोस हां. नाही केलेलं."

"नाही लिहीत. शेवटी त्यांना शुभेच्छा द्यायच्या असतात गं. तुझ्याकडून काही लिहू का?"

तिने तव्यावरची चपाती उलटली. मग म्हणाली, "ज्यांनी खोटं बोलून माझा नवरा मारला ते सगळे मजेत आहेत. भाषणं देतात, नातवंडं खेळवतात. एकजण तरी आला माझ्या दारात चुकलं म्हणायला? हे एकटे आले. त्यांना सांग, त्या लोकांच्या आधी मरायचं नाही."

सर, तब्येत सांभाळा. औषधं वेळेवर घ्या, जानकीवहिनींना त्रास देऊ नका. आम्ही सगळे तुमचं दीर्घ आणि निरोगी आयुष्य मनापासून मागतो आहोत, पण आमच्या मागण्याला तुम्ही जुमानणार नाही हे मला ठाऊक आहे. वैशालीचं मात्र तुम्हाला ऐकावंच लागेल.